मेल आला कधी आणि फोन वाजला कधी : पुश ईमेल सगळे वापरून बघितल्यावर

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघते, म्हणजे बायरचे मेल, पीओ, लॅब डिपचं अप्रूव्हल, प्रोफॉर्मा, पॅकिंग लिस्ट, न्हावाशेवाला कंटेनर लागेपर्यंतचं सगळं. बरेच जण म्हणतात आता मेल कोण बघतंय, व्हाट्सॲपवर घ्या की. पण बायर शेडचं म्हणजे रंगछटेचं अप्रूव्हल मेलवरच देतो, बँकेला एलसीचे (पैशाच्या हमीपत्राचे) कागद मेलवरच लागतात, आणि उद्या काही वाद झाला तर मेलच दाखवावा लागतो. जर्मनीतलं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडं दुपारचे साडेबारा-दीड झालेले असतात, अमेरिकेतला बायर सकाळी नऊला टेबलवर बसतो तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा-साडेसात. म्हणजे कामाचे निम्मे मेल मी ऑफिसातून उठल्यावरच येतात, तेव्हा लॅपटॉप बंद असतो आणि सगळी मदार फोनवर.

हे सगळं तपासायला मी का बसले ते आधी सांगते. मागच्या वर्षी एका ऑर्डरला हिरव्याच्या दोन लॅब डिप, म्हणजे रंगाचे नमुने, पाठवल्या होत्या, ए आणि बी. बायरनं आधी ए म्हणून कळवलं होतं, मग त्याच दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनटांनी त्याचा दुसरा मेल आला की नको, बी घ्या. माझा फोन टेबलवर पालथा पडलेला, मी कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमधे पॅकिंग मोजत होते. फोन वाजला पावणेसातला. धावत डाईंगला, म्हणजे रंगखात्यात गेले तर यार्न (सूत) मशीनमधे चढून दोन तास झालेले. मास्तर म्हणाले, "मॅडम, आता रंग धरला की ओ." दोनशे किलो यार्न. शेवटी त्याच्यावर नेव्ही ब्लू मारून दुसऱ्या ऑर्डरला लावलं, बी शेडसाठी नवीन यार्न घेतलं आणि माल चार दिवस उशिरा गेला. मेल सर्व्हरवर चार दहालाच येऊन पडला होता, लॅपटॉपवर वेळ स्पष्ट दिसत होती. फोनलाच तो उशिरा मिळाला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेव्हाच ठरवलं की आता एकेक सेवा नीट लावून बघायचीच.

तपासायची माझी पद्धत साधी होती. ऑफिसातले आणि घरातले मिळून चार फोन घेतले, एक आयफोन आणि तीन अँड्रॉइड. फोन टेबलवर ठेवायचा, स्क्रीन बंद, चार्जर काढलेला, आणि तास-दीड तास त्याला हात लावायचा नाही. मग लॅपटॉपवरून मेल टाकायचा आणि घड्याळ बघायचं. हा हात न लावण्याचा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण फोन हातात असताना सगळीच ॲप चांगली चालतात, मेल लगेच येतो आणि आपल्याला वाटतं झालं काम. फोन स्थिर पडला की अँड्रॉइड त्याला झोपवतं, ह्याला डोझ म्हणतात, अँड्रॉइड ६ पासून म्हणजे २०१५ पासून आहे हे. खरी परीक्षा तिथंच होते. मी दुपारी ऑफिसात केली, रात्री घरी केली, आणि एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना केली.

पुश म्हणजे काय ते आमच्या शेठना मी असं सांगितलं. यार्नची गाडी आली का बघायला दर पंधरा मिनटाला पोरगं गेटवर पाठवायचं ही एक पद्धत, हिला फोनमधे फेच म्हणतात. दुसरी, गाडी आली की वॉचमननं स्वतः फोन करायचा, हे पुश. पहिल्यात पोराचे पाय दुखतात म्हणजे बॅटरी जाते, आणि गाडी पोरगं परत फिरल्यावर एका मिनटात आली तर चौदा मिनटं उभी राहते. दुसऱ्यात वॉचमन जागा पाहिजे आणि त्याच्याकडं आपला नंबर पाहिजे. आता फरक असा की अँड्रॉइडला सगळ्या ॲपला मिळून गूगलचा एकच वॉचमन आहे, आणि आयफोनला ॲपलचा एक, तो २००९ पासून आहे. ह्या सामाईक वॉचमनकडून निरोप देणारं ॲप असलं तर फोन झोपेत असला तरी उठतो. स्वतःचा वेगळा वॉचमन ठेवणारं ॲप असलं की फोन त्याला झोपेत बोलू देत नाही, आपण मुद्दाम परवानगी दिली तरच. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

खरं तर ह्या बाबतीत ब्लॅकबेरीची आठवण निघतेच. २०१० च्या सुमाराला मी पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा तिथल्या शेठकडं ब्लॅकबेरीचा कर्व्ह फोन होता, वर कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकला की जेवता जेवता हात पुसून ते फोन उचलायचे. त्यात मेल आधी ब्लॅकबेरीच्या सर्व्हरवर यायचा, तिथं दाबून लहान व्हायचा आणि मग फोनवर ढकलला जायचा, त्यामुळं टूजीवर सुद्धा मेल पटकन यायचा. त्यासाठी सिम कंपनीकडून महिन्याचा वेगळा पॅक घ्यावा लागायचा, साधा इंटरनेट पॅक चालायचा नाही. सगळं एकाच कंपनीच्या सर्व्हरमधून जायचं हाच त्याचा धोकाही होता, ऑक्टोबर २०११ मधे ते सर्व्हर बसले तर भारतासकट कितीतरी देशांत तीनेक दिवस मेलचे हाल झाले. ४ जानेवारी २०२२ ला त्या जुन्या फोनची सेवा कायमची बंद झाली. तरी मेल आला म्हणजे फोनवर आलाच, हा भरवसा तेव्हा होता तसा आज प्रत्येक फोनवर आपोआप मिळत नाही, तो लावून घ्यावा लागतो.

आता एकेक सेवा.

अँड्रॉइड फोन, जीमेलचाच पत्ता आणि जीमेलचंच ॲप, ही जोडी माझ्या परीक्षेत सगळ्यात पुढं राहिली. फोन तासभर पडून असला तरी मेल टाकला की मी लॅपटॉपवरनं मान वर करेपर्यंत फोन वाजायचा. बॅटरीवर वेगळा बोजा दिसला नाही कारण वॉचमन सामाईक. पण ह्याच्यात दोन-तीन ठिकाणं अशी आहेत की मेल येतो आणि फोन गप्प बसतो, आणि लोकांना वाटतं मेलच आला नाही. एक म्हणजे सेटिंगमधे अकाउंटच्या नोटिफिकेशनला ऑल, हाय प्रायॉरिटी ओन्ली असे पर्याय असतात, तिथं हाय प्रायॉरिटी असलं तर कुठला मेल महत्त्वाचा ते गूगल ठरवतं. नवीन बायरचा पहिला मेल त्याला महत्त्वाचा वाटेलच असं नाही, म्हणून ऑल करा. दुसरं, नोटिफाय फॉर एव्हरी मेसेज म्हणून एक टिक असते, ती नसली तर पहिल्या मेलला फोन वाजतो आणि त्याच्यामागून आलेल्या मेलला वाजतच नाही. माझ्या मते हे सगळ्यात फसवं आहे, कारण बायर एक मेल टाकून पाच मिनटात दुसरा दुरुस्तीचा टाकतो आणि दुसराच खरा असतो. तिसरं, कॉम्प्युटरवर फिल्टर लावून मेल इनबॉक्स सोडून थेट लेबलमधे टाकले असतील तर त्या लेबलचं सिंक आणि नोटिफिकेशन फोनवर वेगळं चालू करावं लागतं. आमच्या अकाउंट्सच्या पोरीचे बँकेचे मेल असेच आठवडाभर शांत पडून होते.

आयफोनवर लोकांचा मोठा गोंधळ होतो. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमधे जीमेल घातलं तर पुश मिळत नाही, फेचच. कमीत कमी पंधरा मिनटं, आणि पुष्कळांच्या फोनवर ऑटोमॅटिकली असं असतं, म्हणजे फोन चार्जिंगला आणि वायफायवर असला तर मागं मेल आणतो, नाहीतर नाही. पूर्वी असं नव्हतं. सप्टेंबर २००९ मधे गूगलनं गूगल सिंक मधून आयफोनला जीमेलचं पुश दिलं होतं, ते मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हसिंक पद्धतीवर चालायचं, पण ३० जानेवारी २०१३ पासून फुकटच्या जीमेलला नवीन फोन जोडणं त्यांनी बंद केलं. तेव्हापासून आयफोनवर जीमेल लगेच पाहिजे तर जीमेलचंच ॲप टाकायचं, त्यात ॲपलच्या वॉचमनकडून निरोप येतो आणि तो झटकन येतो. माझ्या परीक्षेत एकाच आयफोनवर दोन्ही ॲप शेजारी ठेवले होते, जीमेल ॲप वाजलं आणि मेल ॲपमधे तोच मेल अकरा मिनटांनी उतरला. ॲपलच्या आयक्लाउडचा पत्ता किंवा ऑफिसचं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, त्याच्याबद्दल पुढं) असेल तर मात्र आयफोनच्या मेल ॲपमधेच पुश मिळतं, वेगळं ॲप लागत नाही. अजून एक, बॅटरी पिवळी करून लो पॉवर मोड लावला की मागं मेल आणणं थांबतं, गड्ड्याच्या यात्रेत दिवसभर फिरायचंय म्हणून सकाळीच लो पॉवर लावून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

एक्स्चेंज म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, मायक्रोसॉफ्ट ३६५ मधे मेलला हाच असतो, मोठ्या कंपन्यांत हेच असतं. आमच्या ओळखीच्या एका सूतगिरणीत आहे, त्यांच्या मॅनेजरसाहेबांच्या फोनवर मी एक अख्खी दुपार बघितलं. ॲक्टिव्हसिंकची पद्धत अशी की फोन सर्व्हरला एक प्रश्न विचारून ठेवतो, काही आलं का, आणि सर्व्हर लगेच उत्तर न देता प्रश्न हातात धरून बसतो, मेल आला की उत्तर देतो. काही आलं नाही तर ठरावीक वेळानं नवीन प्रश्न. त्यामुळं मेल तर येतोच, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टही त्याच वाटेनं येतात, मीटिंगची वेळ बदलली तर फोनवर बदललेली दिसते. हे मला मनापासून आवडलं. पण नोकरदार माणसानं एक गोष्ट समजून घ्यावी, फोनच्या स्वतःच्या मेल ॲपमधे ऑफिसचं एक्स्चेंज घातलं की ऑफिसच्या आयटीवाल्याला फोन पुसून टाकायचा अधिकार मिळू शकतो, अख्खा फोन, लेकराबाळांच्या फोटोसकट. आउटलूक ॲपमधून घातलं तर फक्त त्या ॲपातला डेटा पुसता येतो. म्हणून एक्स्चेंजवाल्यांना मी आउटलूक ॲपच घ्या म्हणेन.

आउटलूक ॲप चांगलं आहे, २०१५ मधे आलं, कॅलेंडर त्यातच आहे, एका हातानं वापरता येतं. त्याच्यात फोकस्ड आणि अदर असे दोन भाग करतात, नोटिफिकेशन फक्त फोकस्डला लावलेलं असलं तर अदरमधला मेल मुकाट पडून राहतो. पहिल्या दिवशीच ते फोकस्ड बंद करा. आणि त्याच्यात दुसरीकडचा पत्ता घातला, म्हणजे तुमच्या स्वतःच्या डोमेनचा, तर तुमचा मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमार्गे फोनवर येतो, पासवर्डही तिकडं जातो. कुणाला त्यात काही वाटणार नाही, पण आमच्यासारख्याकडं बायरचे भाव आणि डिझाइन असतात, तेव्हा ठरवून करावं.

आता आमच्या सोलापुरातल्या बहुतेक कारखान्यांचं दुखणं. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव घेतलेलं असतं, कारखान्याच्या नावाचा पत्ता असतो, आणि तो कुणीतरी वेबसाइट करून देणाऱ्यानं स्वस्तातल्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर टाकलेला असतो. असा पत्ता अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमधे घातला की लोकांना वाटतं जीमेल ॲप आहे म्हणजे मेल लगेच येणार. नाही येणार. ॲप जीमेलचं असलं तरी पत्ता बाहेरचा आहे, त्याला दर पंधरा मिनटाचं फेचच मिळतं, आणि फोन झोपला की पंधराचे किती होतील सांगता येत नाही. माझं ते दोनशे किलो यार्न इथंच गेलं. आणि पॉप (मेल सर्व्हरवरून उतरवून घ्यायची जुनी पद्धत) लावलेलं असलं तर पुशचा विषयच नाही, पॉपला ती सोयच नाहीये, वर ते सर्व्हरवरून मेल उतरवूनही घेतं आणि लॅपटॉपवर शोधत बसावं लागतं.

अशा पत्त्याला आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून बघायची पद्धत) आणि त्यातलं आयडल हा मार्ग आहे. ही जुनी गोष्ट आहे, १९९७ ची. ॲप सर्व्हरशी जोडणी उघडी धरून ठेवतं आणि सर्व्हर त्यावरच सांगतो की नवीन मेल आला. अर्धा तास काही हालचाल नसली तर सर्व्हर जोडणी तोडू शकतो म्हणून ॲपनं एकोणतीस मिनटांच्या आत ती पुन्हा ताजी करायची असा नियम आहे. के-नाइन मेल आणि आता त्याच्यातनंच झालेलं अँड्रॉइडचं थंडरबर्ड, जे ऑक्टोबर २०२४ ला आलं, दोन्हींत हे आहे, फुकट आहे, जाहिरात नाही, तुमचा मेल तिसऱ्या कुणाच्या सर्व्हरवरून जात नाही. फेअरईमेलही तसंच. वर पट्टीत एक नोटिफिकेशन कायम दिसत राहतं, ते काहींना खटकतं, पण ॲप जागं आहे ह्याची ती खूण आहे, ते आहे म्हणून बरं वाटतं मला. बॅटरीचं बंधन काढलं, म्हणजे ॲपला अनरिस्ट्रिक्टेड केलं, की टेबलवर दीड तास पडलेल्या फोनवर सुद्धा मेल लगेच आला. बंधन न काढता ठेवलं तर त्याच फोनवर पाऊण तासानं, आणि तेही मी स्क्रीन लावल्यावर.

रेल्वेत ह्याची उणी बाजू कळली. कुर्डुवाडी सोडल्यावर रेंज जात-येत होती. जीमेलचं असं झालं की रेंज आली की साठलेले निरोप एकदम आले, कारण गूगलचा वॉचमन फोन लागेपर्यंत निरोप सांभाळून ठेवतो. आयडलच्या ॲपला मात्र जोडणी तुटली आहे हेच लवकर समजलं नाही, त्याला वाटत होतं आपण अजून सर्व्हरशी बोलतोय. भिगवणला खिडकीतनं उजनीचं पाणी दिसायला लागलं, रेंज भरपूर, आणि मेल नाही. ॲप उघडून यादी खाली ओढल्यावर आला. आयडल जिथं चालतं तिथं ही अडचण राहणारच. एका जागी बसून काम करणाऱ्याला त्रास नाही, सतत फिरतीवर असलेल्या माणसाला मात्र मी आयडलवर अवलंबून राहू नका म्हणेन.

झोहो मेल पण लावून बघितला, आपल्या देशातली कंपनी आहे, स्वतःच्या डोमेनचा पत्ता देतात आणि त्यांचं स्वतःचं ॲप पुशवर चालतं. मेल वेळेत आले, ॲप नीटनेटकं आहे, जाहिराती नाहीत. फक्त फुकटच्या प्लानमधे आयमॅप मिळत नाही, म्हणजे लॅपटॉपवर थंडरबर्ड किंवा आउटलूकमधे तो घालता येत नाही, ब्राउझर किंवा त्यांचंच ॲप. लहान कारखान्याला, दोन-तीन माणसांच्या ऑफिसला, त्यात काही अडत नाही. प्रोटॉन मेलचं पुशही चांगलं चाललं, पण तो फोनवर त्यांच्याच ॲपमधे बघावा लागतो, आणि आमच्या कामाला त्याची गरज नाही म्हणून मी त्यात फार खोल गेले नाही.

कुठलंही ॲप घ्या, एक काम केल्याशिवाय परीक्षा करूच नका. फोनच्या सेटिंगमधे त्या ॲपची बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड करा. पुष्कळ फोनमधे याशिवाय ऑटोस्टार्ट नावाचं, कुठं ऑटो लाँच नावाचं बटण असतं, ते चालू करा. सॅमसंगमधे स्लीपिंग ॲप्सची यादी असते, त्यात मेलचं ॲप गेलंय का बघा आणि नेव्हर स्लीपिंगमधे टाका. आणि फोर्स स्टॉप करू नका, फोर्स स्टॉप केलेल्या ॲपला गूगलचा वॉचमन सुद्धा निरोप देत नाही, आपण ॲप पुन्हा उघडेपर्यंत. आमच्या ऑफिसातला पोरगा फोन हलका होतो म्हणून रोज संध्याकाळी क्लीनर चालवायचा आणि सगळी ॲप मारून टाकायचा. त्याचा मेल सकाळी दहालाच यायचा, आणि तो बिचारा होस्टिंगवाल्याशी भांडत होता.

शेठसमोर हे सगळं मांडलं. ते म्हणाले, "ताई, खर्च काय?" मी यार्नच्या बिलाचा कागद पुढं ठेवला. मग कारखान्याचा पत्ता तोच ठेवून मेल गूगलच्या पैसेवाल्या सेवेवर नेला, म्हणजे पत्ता आमच्या नावाचा आणि मागं जीमेल, त्यामुळं सगळ्यांच्या अँड्रॉइडवर खरं पुश मिळालं. रविवारी हलवलं, जुने मेल यायला रात्र गेली. झोहो का नाही घेतला असं कुणी विचारेल, तर आमच्याकडं सगळ्यांच्या हाताला जीमेल बसलेलं आहे आणि मास्तरांना नवीन ॲप शिकवत बसायला सीझनमधे वेळ नव्हता, एवढंच कारण. नव्यानं सुरू करत असते तर झोहोचा विचार नक्की केला असता. माझ्या घरच्या जुन्या पत्त्याला मी थंडरबर्डच ठेवलंय, तिथं आयडल मस्त चालतं.

आता बायरच्या शेड अप्रूव्हलच्या मेलला कॉम्प्युटरवर फिल्टर लावून शेड नावाचं लेबल दिलंय आणि त्या लेबलला फोनवर वेगळा आवाज. हा आवाज माझ्या फोनवर आहे तसा डाईंगच्या मास्तरांच्या फोनवर पण लावला. ते ऐंशी-नव्वदच्या काळापासून रंगातच आहेत, मेल वगैरेच्या भानगडीत कधी पडले नव्हते. परवा रात्री पावणेबाराला तो आवाज वाजला, मी उठून चष्मा शोधतेय तोवर त्यांचाच फोन, "मॅडम, बी म्हणतोय का ए? मशीन थांबवून ठिवलंय."